अज्जीचं कन्नड आणि पंचायतीचे पाच टक्के

आमचं घर दोन भाषांचं. या पानाच्या वाचकांना त्यात नवल वाटायचं कारण नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच असणार. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, शाळा मराठी. सासरचे लोक मराठी, पण सासूबाई बैलहोंगलकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी धड बोलताही येत नव्हतं, आणि आता पन्नास वर्षं होऊन गेली तरी रागावल्या की तोंडातून कन्नडच येतं. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, मुलं अज्जी म्हणतात. घरात आरती मराठीत, दुधाचा हिशेब कन्नडमध्ये, भांडण ज्याला जे सुचेल त्यात. माझी थोरली मुलगी दोन्ही भाषा एका दमात बोलत मोठी झाली. तिच्याकडे बघून दोन भाषांचं कधी ओझं होत असेल, असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

धाकटा २०१२ चा. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. शेजारीपाजारी म्हणायचे, "मुलगे उशिराच बोलतात, थांब की जरा." आम्ही थांबलो. शेवटी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बघून चिठ्ठी लिहून दिली, जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवून या म्हणाल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू झाला, त्यात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतली एकदा तपासली जातात. पुष्कळ आया त्या दिवशी मुलाला मुद्दाम घरी ठेवतात, उगाच काहीतरी नाव निघायला नको म्हणून. मीही एकदा ठेवलं होतं, ते इथं कबूल करते.

बेळगावात एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. घरात कोण कोण काय बोलतं ते विचारलं, आणि म्हणाले, "तरीच. मूल गोंधळलंय. आजपासून घरात एकच भाषा. आजीला सांगा, कन्नड बंद."

आम्ही ते मानलं. का नाही मानणार? घरी येऊन ह्यांनी अव्वांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता एवढंच म्हणाल्या, "अंदरे, ना माताडबारदेनु?" म्हणजे मी बोलायचंच नाही का? बोला हो, पण मराठीत, असं आम्ही म्हटलं. त्यांचं मराठी म्हणजे बाजारापुरतं. नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची तर ते पुरत नाही. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. चिऊकाऊ जमेना, अडखळायच्या, मग हसायच्या आणि गप्प व्हायच्या. हळूहळू त्या मुलाशी बोलेनाशाच झाल्या. खायला द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, बस्स. दिवसभर मी शिलाई मशीनवर आणि हे उद्यमबागेतल्या फौंड्रीत. मुलाजवळ सगळ्यांत जास्त वेळ असणारं माणूस तेच आणि त्यालाच आम्ही मुकं केलं. हे तेव्हा कळलं नाही.

एक दिवस दुपारी गोठ्याकडे गेले तर आतून अव्वांचा आवाज. गाईला पाणी दाखवत त्या हलक्या आवाजात धाकट्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या. मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारख्या थांबल्या. धाकट्यानं मात्र बादलीकडे बोट केलं आणि म्हणाला, "नीर." त्याचा पहिला स्वच्छ शब्द. साडेचार वर्षांचा होता तेव्हा. मी काहीच बोलले नाही. आत गेले आणि अर्धवट ठेवलेल्या ब्लाउजचे हूक लावत बसले.

पुढं वाचा-भाषा सुधारणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा मी भीतभीतच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. ज्याला बोलायला उशीर व्हायचा त्याला एका भाषेतही होतो आणि दोन भाषांतही. डाउन सिंड्रोम असलेली, ऑटिझम असलेली मुलंसुद्धा दोन भाषा शिकतात, यावर कितीतरी देशांत अभ्यास झाले आहेत. एक भाषा काढून घेतली म्हणून दुसरी लवकर येते असं नाही, फक्त बोलणारं एक माणूस कमी होतं. त्यांनी अव्वांना पुढच्या खेपेला बरोबर आणायला सांगितलं. अव्वा नवं लुगडं नेसून आल्या.

तपासण्या झाल्या, कागद झाला: सौम्य बौद्धिक अक्षमता. आमच्या गावात याला अजून मतिमंदच म्हणतात. कन्नड कागदावर विकलचेतन, मराठी वर्तमानपत्रात दिव्यांग. शब्द किती बदलले तरी बायका पाण्यावर जे बोलायचं ते बोलतातच. सौम्य प्रकाराला प्रमाणपत्रावर ५० टक्के लिहितात. ४० टक्के आणि त्याच्या वर असलं की कायद्यातले बरेचसे हक्क लागू होतात. ओळखपत्र आता साऱ्या देशात चालणारं एकच असतं. आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांना हे कळलेलं बरं, कारण कित्येकांचं अर्धं कुटुंब चंदगड-कोल्हापूरकडे असतं. मात्र कार्ड पलीकडे चाललं तरी राज्याच्या योजना चालत नाहीत. पेन्शन, बसपास हे ज्या राज्याचे रहिवासी त्याच राज्याचं.

शाळेत घालायची वेळ आली २०१८ साली. गावातलीच सरकारी मराठी शाळा. गुरुजी माणूस वाईट नव्हे, पण म्हणाले, "बसू दे वर्गात. शिकेल याची हमी मी देत नाही." मला तेव्हा वाटलं, बसू देतात हेच उपकार. तसे ते उपकार नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण आपल्या कामाचं तेवढं सांगते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायचं काम त्यात स्थानिक संस्थेवर टाकलं आहे. स्थानिक संस्था म्हणजे खेड्यात पंचायत, बेळगावात महानगरपालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. मग दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले. यात सरकार आणि स्थानिक संस्था दोघांनाही सांगितलं आहे: भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत वापरता येईल अशी करा, मुलाच्या गरजेप्रमाणे मदत द्या, येण्याजाण्याची सोय करा. अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत. मी हे सगळं वाचलं तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. तोवर शाळेच्या संडासात आत जायला दोन उंच पायऱ्या होत्या, आणि तो त्या चढायला घाबरायचा म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हता. घरी आला की तांब्याला तोंड लावून एका दमात संपवायचा. आम्हाला वाटायचं, उन्हाचं आला.

तालुक्याला विशेष शिक्षक असतात, फिरते. शिक्षण खात्याच्या भाषेत 'बीआयईआरटी'. आमच्याकडे येणारे सर चांगले होते. त्यांचं मराठी जेमतेम, आणि धाकट्याचं त्यांच्याशी कन्नडमध्येच जमलं. गोठ्यातलं ते कन्नड इथं उपयोगी पडलं! पण सर पंधरा दिवसांतून एकदा यायचे, कधी महिन्यानं. त्यांचा दोष नाही, त्यांच्या वाट्याला किती शाळा ते त्यांनी मोजून दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सांगितलं आहे की प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. त्या हिशेबानं बघितलं तर सर म्हणजे चार माणसांचं काम करणारा एक माणूस.

तालुक्याच्या ठिकाणी शाळापूर्व तयारीचं केंद्रही आहे. तिथं व्यायाम करून घेतात, खेळणी असतात, आयांना शिकवतात. आमच्या गावाहून बस दिवसाला तीन, त्यातली एक हमखास चुकणारी. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत, मुलींना त्यातूनच महिन्याला २०० रुपये दहा महिने विद्यावेतन. प्रवासाचा भत्ताही असतो, पण तो खात्यावर जमा होईपर्यंत वर्ष सरतं. रिक्षावाला वर्ष सरायची वाट बघत नाही.

आता पंचायतीचं. इथून पुढचं श्रेय अव्वांचं.

२०२२ च्या पावसाळ्याआधीची गोष्ट. अव्वांच्या पेन्शनचं काही अडलं होतं म्हणून आम्ही दोघी पंचायतीत गेलो. पीडीओ साहेब मीटिंगला गेलेले. बसलो वाट बघत. मी कन्नड बोलते, पण वाचायला मला अजून वेळ लागतो, एकेक अक्षर लावत जाते. अव्वा मात्र कन्नड सातवी शिकलेल्या, घरात त्यांच्याइतकं वाचणारं कुणी नाही. चष्मा लावून त्या भिंतीवरची वर्षाची क्रिया योजना वाचत बसल्या. रस्ता इतके, गटार इतके, दिवाबत्ती इतके. मध्येच मला कोपरानं ढोसलं. "इल्ली नोड. विकलचेतनर कल्याण, शेकडा ऐदु." आणि पुढच्या खर्चाच्या रकान्यात पूज्य.

कर्नाटकात ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा ५ दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हेच शेकडा ३ होतं. नगरपालिका, महानगरपालिकांनाही अशीच रक्कम राखून ठेवावी लागते. आमच्या पंचायतीचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, तेव्हा पाच टक्के म्हणजे काही लाख नव्हेत, थोडेसे हजार. पण तेही पडून. कारण विचारलं तर कारकून म्हणाले, "कुणी अर्जच दिला नाही." ते खरंही होतं. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा, ते आमच्या भागात अर्ध्या घरांना जमत नाही. आणि त्याहून खरं म्हणजे अर्ज द्यायचा तर नाव सांगावं लागतं.

प्रत्येक पंचायतीला एक गाव पुनर्वसन कार्यकर्ता असतो, सगळे त्याला 'व्हीआरडब्ल्यू' म्हणतात. तो स्वतः दिव्यांगच असतो. आमच्याकडचा एका पायानं अधू, तीनचाकी स्कूटरवर फिरणारा हुशार पोरगा. त्यानं त्याची यादी दाखवली. सगळी म्हातारी माणसं, पेन्शनवाली. मूल एकच, आमचं. "अक्का, गावात आणखी तीन-चार पोरं आहेत हे मला माहीत आहे," तो म्हणाला, "पण घरचे दारातूनच परत पाठवतात."

मी आणि अव्वा त्या घरांना गेलो. दोघींनी नावं दिली. एका घरी आठ वर्षांची मुलगी, हातपाय आखडलेले, डोळे मात्र सारखे माणसांवर फिरणारे. तिला शाळेत नेणं कठीण, पण घरी येऊन शिकवायची सोय तिच्यासाठीच तर आहे. तिची आई चहा करून देत म्हणाली, "थोरलीचं ठरायचंय. दोन वर्षं थांबा. मग तुम्ही म्हणाल तिथं सही करते." मी तिला काय बोलणार? मलाही थोरली मुलगी आहे. चहा प्यालो आणि उठलो. त्या मुलीचं नाव आजही यादीत नाही. हे लिहिताना मला तिचं गाव, घर कळू नये अशी काळजी घ्यावी लागते, यातच सगळं आलं.

ग्रामसभेत मी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. अर्ज अव्वांनी सांगितलेला, माझ्या थोरलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलेला. दोन मागण्या: शाळेच्या संडासाला उतरण आणि धरायला दांडा, आणि आठवड्यातून दोनदा केंद्रावर न्यायला रिक्षाचं भाडं. मागून कुणीतरी म्हणालं, "वेड्यांसाठी रिक्षा, आणि आम्हाला रस्ता नाही." हशा झाला. मी थांबले. अव्वा बसल्या जागेवरूनच कन्नडमध्ये म्हणाल्या, या पैशातून रस्ता करता येत नाही, भिंतीवर लिहिलंय, वाचा. हशा थांबला. वाचता येणारे तिथं फार नव्हते, हेही खरं.

उतरण आणि दांडा झाला. तीन महिने लागले, पण झाला. रिक्षाचं मात्र पंचायत म्हणाली, प्रवास हे शिक्षण खात्याचं काम, आणि खातं म्हणालं, भत्ता आम्ही देतोच. शेवटी सहा महिन्यांचं भाडं मंजूर झालं, पुढं निधी संपला. आता आम्ही तीन घरं मिळून वर्गणी काढतो आणि दर वर्षी पुन्हा अर्ज करतो. २०२३ च्या ११ जूनपासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, त्यामुळे निदान माझं आणि अव्वांचं तिकीट वाचतं. बस वेळेवर आली तर.

धाकटा सहावीत गेला तेव्हा नवा पेच आला. कन्नड भाषा शिकण्याच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्यानं सगळ्या शाळांत पहिलीपासून कन्नड आहे. म्हणजे आपल्या मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या. साध्या मुलालाही दम लागतो, मग याचं काय? मराठीत अनुस्वार डोक्यावर टिंब, कन्नडमध्ये तोच अक्षराच्या पुढं वाटोळं शून्य. मराठीत अक्षरं रेघेला टांगलेली, कन्नडमध्ये रेघ नाही. जोडाक्षर मराठीत बहुधा शेजारी, कन्नडमध्ये खाली लोंबतं. 'अम्मा' लिहायला धाकट्याला एक तास लागे, आणि शून्य दिसलं की तो गणित समजून बोटं मोजायला लागे.

२०१६ च्या कायद्यात अशा मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. शाळा आनंदानं तयार झाली. कन्नडची सूट घ्या, मुलाचं ओझं कमी होईल. सगळ्यांचं एकमत. मलाही पटलं होतं. फॉर्म घेऊन घरी आले आणि वाचून दाखवायला अव्वांकडे दिला, सवयीनं. त्यांनी वाचला. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. मला एकदम तो भाकरी थापतानाचा दिवस आठवला.

रात्री ह्यांच्याशी बोलले. घटनेच्या ३५० अ कलमात राज्यानं आणि प्रत्येक स्थानिक संस्थेनं अल्पसंख्य भाषेच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे सभांमधून ते कलम पुष्कळदा ऐकायला मिळतं, आणि मीही त्यासाठी भांडेन. पण माझ्या मुलाची मातृभाषा कोणती? माझी मराठी. आणि ज्या माणसानं त्याला बोलतं केलं त्याची कन्नड. हे म्हणाले, "लिहायची सूट घेऊ, ऐकायची नको." तेवढंच केलं. परीक्षेत कन्नडचा पेपर नाही, पण तासाला तो वर्गातच बसतो, गोष्टी ऐकतो, गाणी म्हणतो. गुरुजींना आधी पटेना. सूट घेतलेला मुलगा तासाला कशाला, म्हणाले. फिरत्या सरांनी समजावलं.

आपल्यासारख्या घरांना आणखी एक सांगायचं राहिलं. मूल वाचनात मागं पडतं ते नव्या भाषेमुळे की खरंच त्याला वाचनाची अडचण आहे, हे ओळखणं दुभाषी घरात कठीण. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत आहे. म्हणजे आपल्या दोन्ही भाषा त्यात आल्या. तपासणाऱ्यांना विचारावं, मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत तपासलं का? नुसतं इंग्रजीत किंवा नुसतं कन्नडमध्ये तपासून निकाल देत असतील तर सही करू नये.

धाकटा आता तेरा वर्षांचा आहे. मराठी चौथीचं पुस्तक सावकाश वाचतो. हिशेब शंभरपर्यंत. कन्नड वाचता येत नाही. मात्र गेल्या वर्षभर अव्वांनी त्याच्या मागं एक नाद लावला आहे. केंद्रावर जायच्या दिवशी दोघं बसथांब्यावर अर्धा तास आधी जाऊन उभी राहतात. बस दिसली की त्या विचारतात, "यावुदु?" पाट्या सगळ्या कन्नड. अक्षरं तो लावत नाही, पूर्ण पाटीचा आकार ओळखतो. खानापूरच्या पाटीला पहिल्या अक्षराच्या पोटात गाठ आहे म्हणतो, बेळगावची लांब आहे.

गेल्या मंगळवारी अव्वांचे गुडघे सुजले होते, थांब्यावर मी गेले. बस आली, मी हात केला. धाकट्यानं माझा पदर ओढला. "नको आई. ही नंदगडची." मी पाटी वाचू लागले. पहिलं अक्षर लागेपर्यंत बस निघून गेली होती. मागच्या बाईंना विचारलं, तर होय म्हणाल्या, नंदगडचीच.